सोबत बायका तीन

चंदूकाका,

परवाच्या रविवारी मंडळाची सभा झाली. वक्त्यांनी आपल्या घराण्याच्या सात पिढ्या सांगितल्या, टाळ्या झाल्या, चहा झाला आणि सभा अगदी वेळेवर संपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या रांगेतून कुणी उठलं नाही, कुणी घसा खाकरला नाही. मी वहीत इतिवृत्त लिहिलं, ते पाऊण पानात आटपलं. घरी येऊन सुधीरना म्हटलं की आज सभा फार छान, शिस्तीत झाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमच्या तेराव्याला तुमच्या सुनेच्या, सरिताच्या माहेरचे लोक मुरैन्याहून आले होते. तिच्या भावाने मला विचारलं की तुम्ही लोक या मंडळात करता तरी काय. मी त्याला सांगितलं की दक्खनमधून इथे उत्तरेत आलेली आपली जी घराणी आहेत, कुणी फौजेबरोबर आलं, कुणी दरबारात कारकुनीला, कुणी पूजाअर्चेला, त्यांच्यातले पंचवीस-तीस जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या एका वर्गात जमतो. एकेक घराणं आपली वंशावळ मांडतं, जुने कागद दाखवतं, बाकीचे ऐकतात. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "और बाऊजी वहाँ क्या करते थे?" मी म्हटलं, प्रश्न विचारायचे. एकच प्रश्न.

तो पहिल्यांदा विचारलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब बोलत होते. भिंतीवर त्यांनी नऊ पिढ्यांचा तक्ता लावला होता, हाताने काढलेला, लाल आणि काळ्या शाईत. त्यांच्याकडे सनदा होत्या, पत्रं होती, मोडीतले कागद होते. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच आला होतात. कुणालाच ओळखत नव्हतात. पडाव भागात ट्रक दुरुस्तीचं गॅरेज चालवून म्हातारा झालेला माणूस, नखांत अजून काळं, मागच्या बाकावर मुलांच्या जागेत गुडघे आखडून बसलेला. प्रश्न आहेत का असं वकीलसाहेबांनी रिवाज म्हणून विचारलं आणि तुम्ही हात वर केलात.

"तक्ता फार छान आहे साहेब. पण यात बायका कुठे आहेत?"

वकीलसाहेब म्हणाले की वंशावळीत मुलगेच दाखवतात, पद्धतच तशी आहे.

"ते ठीक आहे. पण मग हे सगळे मुलगे आले कुठून?"

लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. मीही हसले, हे आज कबूल करते. आणि इतिवृत्तात लिहिलं, 'एका सदस्याने प्रश्न विचारला.'

पुढच्या आठवड्यात तुम्ही नई सडकवर आमच्या औषधाच्या दुकानात आलात, बीपीच्या गोळ्या घ्यायला. मी तुम्हाला ओळखलं नाही, तुम्ही मला ओळखलंत. गोळ्यांची पट्टी खिशात टाकून म्हणालात, "मॅडम, ती वही मी वाचली. तो 'एक सदस्य' म्हणजे मीच ना? माझं नाव चंद्रकांत आहे. लिहायला हरकत नसावी." रागाने नाही. ट्रकचा कोणता पार्ट बदलायला हवा ते सांगावं तसं. मी त्या संध्याकाळी वही काढून ती ओळ खोडली आणि तुमचं नाव घातलं. तेव्हापासून तुम्ही दर पंधरा दिवसांनी येऊ लागलात. काउंटरच्या आत स्टुलावर बसायचात, मी गिऱ्हाईक करायचे, मधल्या वेळात आपण बोलायचो. मॅडमची वैजयंती झाली, वैजयंतीची 'वैजू बेटा' कधी झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बाईबद्दल तुम्ही त्या स्टुलावर बसूनच सांगितलंत. तुमची आई तुम्ही दोन वर्षांचे असताना गेली. तुम्हाला वाढवलं तुमच्या वडिलांच्या बहिणीने. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन ती परत आलेली. घरात सगळे तिला बाई म्हणायचे. तुमचे वडीलही, शेजारीही, दूधवालाही. तुम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना ती तापाने गेली. स्मशानात गुरुजींनी नाव विचारलं आणि पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. माहेरचं नाव जुनं झालेलं, सासरचं नाव सासरी राहिलेलं. तुमच्या वडिलांना आपल्या धाकट्या बहिणीचं नाव त्या क्षणी आठवेना, आणि पुढेही कधी आठवलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, गंगा म्हणा, चालतं. आणि गुरुजींनी गंगा म्हणून मंत्र म्हटले.

"तिला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने पाठवलं बेटा," तुम्ही म्हणालात. "मी तिथेच उभा होतो. पण मला तरी कुठे माहीत होतं? मीपण बाईच म्हणायचो."

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मी उठले. परत आले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या दहाव्याला काय झालं ते. तुमचा महेश विधीला बसला होता. सरिताही आली होती, घरातल्या मोठ्यांनी नको म्हटलं तरी. गुरुजी एकेका पितराचं नाव विचारत होते, महेश सांगत होता, आजोबा, पणजोबा, आजी. तो थांबला तेव्हा सरिता मागून म्हणाली, "पंडितजी, एक बाई के नाम का भी." गुरुजींनी विचारलं, नाव काय. ती म्हणाली, "बाई ही नाम है." गुरुजी थोडे घुटमळले. मग त्यांनी महेशच्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं आणि बाई असंच म्हटलं. मुरैन्याची सून तुमची, मराठी अजून अडखळत बोलते, पण तुम्ही तिला एवढं सगळं सांगून ठेवलं होतंत हे मला माहीत नव्हतं.

आपण शोधलं नाही असं नाही. जुन्या मतदारयाद्या बघून झाल्या, दवाखान्याची रजिस्टरं विचारून झाली. मग तुम्हीच म्हणालात की प्रयागला जाऊ, तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या वह्या असतात, तिथे नक्की असेल. तुम्ही, मी आणि सुधीर, तिघं गेलो. सरिताने डब्यात पुऱ्या दिल्या होत्या आणि तुम्ही गाडीत अर्ध्या डब्याला वाटून टाकल्या.

पुरोहितांनी मूळ गाव विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, साताऱ्याकडचं, पक्कं माहीत नाही, दोनशे वर्षं झाली हो साहेब. त्यांनी आडनावावरून लांबलचक वही काढली. कागद पिवळा, अक्षर मोडी. बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि मग थांबले. तुमच्या आजोबांची भेट होती ती. स्वतःचं नाव, भावाचं नाव, दोन मुलांची नावं, घोड्याच्या पथकातली नोकरी. शेवटी पुरोहितांनी वाचलं, "सोबत बायका तीन."

तुम्ही विचारलंत, पुढे? ते म्हणाले, पुढे काही नाही.

तुम्ही वहीवर वाकलात. मोडी तुम्हाला येत नव्हती. कोणता शब्द तीन आहे ते त्यांना विचारलंत आणि त्याच्याशेजारी, कागदाला न लावता, बोट धरून ठेवलंत. "एक माझी आजी," तुम्ही म्हणालात, "एक माझी आई. आणि यातली एक ती." मला वाटलं होतं तुम्ही खचाल. तुम्ही मात्र बराच वेळ त्या तीनकडे, जत्रेत हरवलेलं माणूस लांबून दिसावं तसं बघत राहिलात.

मग तुम्ही पुरोहितांना म्हणालात, आता या मुलीचं बघा. मी नको म्हणत होते, आमचे तर कागद घरीच आहेत. तासाभराने माझ्या पणजोबांची नोंद सापडली आणि तिच्यात, कुणास ठाऊक का, त्यांच्या बायकोचं नाव होतं. सगुणा. आमच्या घरात तिला सगळे मोठी आई म्हणत आलेले. तिचं नाव सगुणा होतं हे माझ्या वडिलांनाही कधी माहीत नव्हतं. तिथे फरशीवर बसून मी रडले आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिलात. ज्याचं सापडलं नव्हतं तो, जिचं सापडलं होतं तिची समजूत काढत होता. परतीच्या गाडीत मी म्हटलं की काका, तुमचं काम तर राहूनच गेलं. तुम्ही खिडकीतून बघत म्हणालात, "तुझी तर सापडली ना. खाली हाथ कुठे आलो मग?"

आणि याच माणसाशी मी भांडले.

मंडळाने सगळ्या घराण्यांच्या वंशावळी एका पुस्तकात छापायचं ठरवलं आणि संपादन माझ्याकडे आलं. प्रयागहून आल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की या पुस्तकात बायकांची नावं येतील, प्रत्येक घरातल्या. थोडी कुरकुर झाली, पण लोकांनी शोधून आणली. मावश्यांना फोन केले, जुन्या भांड्यांवरची नावं वाचली. ज्यांची मिळाली नाहीत त्यांच्या जागी 'अज्ञात' छापायचं असा नियम मी केला. नियम मीच केला होता, काका, वकीलसाहेबांनी नाही. तुम्ही तुमची पानं आणून दिलीत आणि त्यांत वडिलांच्या नावाशेजारी लिहिलं होतं, बहीण, बाई. मी भर सभेत म्हटलं की बाई हे नाव नाही, अज्ञात लिहावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात. मी नियम सांगितला. तुम्ही परत नाही म्हणालात. मला तीस लोकांसमोर राग आला आणि मी म्हटलं, "काका, ज्याचं नाव नाही तो माणूस इतिहासात नसतो."

तुम्ही उभे राहिलात. "अज्ञात कशी? मी तिला ओळखतो. तिच्या हातचं खाल्लंय मी." मग पुढे येऊन माझ्या टेबलावरची तुमची पानं उचललीत, नीट घडी केलीत आणि गेलात.

पाच महिने तुम्ही मंडळात आला नाहीत. गोळ्या दुसऱ्या दुकानातून घेतल्यात. एकदा मी तुम्हाला रस्त्याच्या पलीकडून जाताना पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. मध्ये टेम्पो आला, तो गेला तेव्हा तुम्ही पुढे गेला होतात. हाक मारायला हवी होती. मी बिलं फाडत राहिले.

मग एक दिवस दुकानात एक म्हातारी आली, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर नावाच्या जागी लिहिलं होतं, अम्मा. बाकी सगळं बरोबर होतं, वय, वजन, औषधं, किती वेळा घ्यायची. मी औषधं दिली, सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती ते समजावलं, ती गेली. आणि मग मला कळलं की मी आत्ता काय केलं. नावाशिवाय ती बाई अख्खी माझ्यासमोर उभी होती, आणि मला तिच्या औषधात कणभरही चूक करून चालणार नव्हती. मी दुकान सुधीरवर सोपवलं आणि रिक्षा करून पडावला आले.

दार सरिताने उघडलं. तिने सांगितलं की तुम्हाला मध्यंतरी हृदयाचा त्रास होऊन गेला, मला कळवू नका असं तुम्हीच बजावलं होतं. तुम्ही बंद गॅरेजमागच्या खोलीत खाटेवर बसला होतात, बारीक झालेले. मी माफी मागायची तयारी करून आले होते, पण तुम्ही तोंडच उघडू दिलं नाहीत. "चहा पिशील ना? सरिता, अदरक टाकून." मी पर्समधून कागद काढला. त्यावर लिहून आणलं होतं, 'बाई. नाव ठाऊक नाही. चंद्रकांतने हिच्या हातचं खाल्लं.'

तुम्ही चष्मा लावून वाचलंत. पुन्हा वाचलंत. आणि म्हणालात, "एवढंच? अजून पुष्कळ आहे."

त्या दुपारी तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. ती डाव्या पायाने जरा लंगडायची. उंची कमी, आवाज मोठा. लसणाची चटणी पाट्यावर वाटताना कुणाशी बोलायची नाही. तिला बैलगाडी हाकता यायची आणि शीळ घालता यायची, पण शीळ ती घरात पुरुष नसतील तेव्हाच घालायची. तुम्हाला ताप आला की रात्रभर कपाळावर तळहात ठेवून बसायची आणि सकाळी म्हणायची की डासांनी झोपू दिलं नाही. पुस्तकात वकीलसाहेबांच्या सनदवाल्या पूर्वजाला तीन ओळी आहेत. बाईला अकरा आल्या. वकीलसाहेबांनी प्रुफं पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले की आमच्या आजीबद्दलही थोडं लिहायचं राहिलंय, उद्या देतो.

एक वाद तेवढा तसाच राहिला. माझं म्हणणं होतं की स्मशानात तिला गंगा म्हटलं गेलं हेही लिहावं. घडलं ते घडलं, तोच इतिहास. तुम्हाला ते नको होतं. खोटं नाव छापलं की तेच खरं होऊन बसेल, लोक अकरा ओळी विसरतील आणि गंगा लक्षात ठेवतील, असं तुमचं म्हणणं. दोन-तीनदा आपण त्यावर बोललो. शेवटच्या वेळी तुम्ही म्हणालात, विचार कर, घाई नाही. त्यानंतर आठवड्याने सकाळीच सरिताचा फोन आला. तुम्ही चहाची वाट बघत बसल्या जागी गेला होतात. त्या ओळीबद्दल मला अजून वाटतं की माझं बरोबर होतं. पण मी ती घातलेली नाही.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. आमच्या माहेरच्या घराण्याचा मोठा तक्ता माझ्या चुलतभावाकडे असतो, बाड्याच्या चौकाजवळ राहतो तो. त्या तक्त्यात माझ्या वडिलांच्या नावाखाली कंसात एक शब्द आहे, निर्वंश. आम्ही दोघी बहिणी. मुलगा नाही, म्हणून. मी तो शब्द आठ-नऊ वर्षांची असताना वाचला, अर्थ आईला विचारला आणि आईने मला बाहेर खेळायला पाठवलं. पुढे मी मंडळाची चिटणीस झाले, जगाच्या वंशावळी तपासल्या, पण त्या कंसापर्यंत कधी गेले नाही. पुस्तकासाठी आमच्या घराण्याची पानं आली तेव्हाही मी तो शब्द तसाच पुढे जाऊ दिला. तुमच्याशी नियमावरून भांडत होते ना, तेव्हा तो माझ्याच फायलीत होता.

काल मी दादाकडे गेले. वहिनीने चहा केला. मी तक्ता काढायला सांगितलं, त्याने पलंगावर पसरला. मी बोट ठेवलं. दादा सज्जन माणूस आहे, वाईट वाटून म्हणाला, "अगं, ते आपल्या आजोबांच्या वेळचं आहे. सगळीकडे असंच लिहायचे. त्याचा अर्थ तसा नसतो."

मी म्हटलं, "दादा, निर्वंश लिहिलंय, आणि मी इथे बसून चहा पिते आहे."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. दादाने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी तो शब्द खोडला. बाबांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. एका रेघेखाली ताईचं नाव लिहिलं, दुसरीखाली माझं. अक्षर काही चांगलं आलं नाही. दादाने वाकून बघितलं, शाई वाळेपर्यंत तक्ता तसाच उघडा ठेवला आणि मग विचारलं की तुझ्या मुलीचं नाव कुठे घालायचं, जागा कमी पडते आहे, खाली अजून एक कागद जोडूया का.

आम्ही कागद जोडला, काका.